देवरे मॅडमचं गवत

मी एकतीस वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. परिचर हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात बाटल्या धुणं, पाला दाबून वाळवून जाड कागदावर चिकटवणं, ओव्हन रुसला की त्याला दोन थापडा देणं, आणि शेवटची बारा वर्षं देवरे मॅडमच्या मागे डोंगर चढणं, ही माझी कामं. यातलं शेवटचं काम माझ्या नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. ते पत्र मी मॅडमना दोनदा नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "नईमभाई, गुडघे वापरले नाहीत तर गंजतात." माझे गुडघे वापरून वापरून गेले, त्याचं काय?

डॉ. मनीषा देवरे. माहेर सटाण्याचं, कांद्याच्या व्यापाऱ्याचं घर. सासर देवळाली कॅम्पातलं. उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज असा की कॉलेजच्या फाटकावरचा वॉचमन सावरून बसायचा. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण चिडल्या की थेट अहिराणीवर उतरायच्या. प्रयोगशाळेच्या दारातून "हाई काय शे?" असं ऐकू आलं की पोरं वह्या टाकून मागच्या दाराने पसार व्हायची. मी मात्र पळू शकत नव्हतो, कारण मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे असायची आणि सगळे बाहेर पडल्यावर ते लावायचंही मलाच असायचं.

माझा या बाईंवर फार जीव आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटेल की म्हातारा चहाड्या करतोय. मॅडम अडकल्या आहेत. दुसऱ्या कुणी अडकवलं असतं तर मी त्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार केला असता. पण हा धोंडा त्यांनी स्वतःच्या हाताने, चांगला घासूनपुसून, स्वतःच्याच पायावर पाडून घेतलाय. आणि तो उचलायला गेल्या तर त्याच्याखाली आणखी दोघांचे पाय सापडले.

पेठच्या वाटेला वाघरमाळ म्हणून एक डोंगर आहे. वरून ताटासारखा सपाट, सगळा गवताचा. उतारावर मोहदरा नावाचा पाडा, एक्केचाळीस घरं. वरच्या सपाटीवर श्रावण-भादव्यात खरपुडी फुलते. बोटाएवढं झाड, कंदिलासारखं फूल, जमिनीखाली छोटा कंद. बाकी वर्षभर ती कुठे असते ते कुणालाही दिसत नाही. मॅडमचा जन्म या झाडासाठी झालाय असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं. ते तक्रारीच्या सुरात म्हणतात, पण खोटं नाही.

बारा वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, आम्ही दोघं पहिल्यांदा तिथे खुंट्या ठोकायला गेलो. एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखायचे, त्यात किती झाडं, किती गवत, हे दर वर्षी मोजायचं, असं काम. वर पोचतो तो काय, माळाच्या एका कडेला धूर. चार बाया रांगेत उभ्या. एकीच्या हातात पेटत्या गवताचा पेंढा, बाकीच्यांच्या हातात हिरव्या फांद्या. पेंढेवाली वाकून गवताला आग लावतेय, पाच पावलं चालतेय, परत लावतेय. मागच्या तिघी फांद्यांनी थोपटत तिच्यामागून येताहेत. मॅडमनी पाठीवरची पिशवी खाली टाकली, फोन काढला आणि आधी फोटो घेतला. मग धावल्या.

"हाई काय शे? काय करताय तुम्ही? इथे काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

पेंढेवाली बाई म्हणजे लंकाबाई. तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. सुकलेली, काटक, कपाळावर गोंदण. ती घाबरली नाही. म्हणाली, "जाळीत नाय बाई, चाटवते. डोंगऱ्यादेवाचा सण उरकला का आम्ही दर वर्षी माळ चाटवतो. गवत आजून बुडाला वलं हाय. वाऱ्याच्या तोंडावर लावायचं, लावलं का सावकाश जातं. तासाभरात दव पडंल, आपसूक इझंल."

"आणि झाडं? पाखरं? किडामुंगी?"

"पाखरांची घरटी चैतात आसतात बाई. आन कांदा तर भुईत आसतो," लंकाबाई म्हणाली.

कांदा म्हणजे खरपुडीचा कंद. मॅडमचं सगळं संशोधन त्या बाईने एका वाक्यात सांगितलं होतं. पण मॅडम तेव्हा पस्तिशीच्या होत्या, नव्या डॉक्टर झालेल्या होत्या, आणि ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. मीही नव्हतो. मलाही वाटलं, काय अडाणी लोक आहेत. मॅडमनी खाली उतरल्यावर वनखात्याकडे फोटोसकट तक्रार दिली. गुन्हा दाखल झाला.

तीन वर्षांनी तालुक्याच्या कोर्टात साक्ष झाली. मी मॅडमना मोटरसायकलवर घेऊन गेलो होतो. सरकारी वकिलाने दोनच प्रश्न विचारले. हा फोटो तुम्हीच काढला का? हो. फोटोतली बाई हीच का? हो. झालं. मॅडमना पुढे काहीतरी सांगायचं होतं, कोणत्या वनस्पती, किती दुर्मिळ वगैरे, पण त्यांना खाली उतरायला सांगितलं. लंकाबाईला दंड झाला आणि पुन्हा असं केलंस तर तुरुंगात जाशील अशी समज मिळाली. बाहेर आल्यावर तिने मॅडमनाच विचारलं, "पेठंची गाडी कितीला हाय वो?" मॅडमनी घड्याळ बघून वेळ सांगितली.  

त्यानंतर मॅडम जोरात सुटल्या. 'वणवामुक्त वाघरमाळ' ही मोहीम त्यांची. पाड्यावरची सत्तावीस माणसं तयार केली. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, हातात बांबूला टायरची पट्टी ठोकलेलं झोडपणं. फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप, त्यात वनरक्षक, वनखात्याचे साहेब, मॅडम आणि मी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम मॅडमनी स्वतः बसवला: आधी फोटो, मग फटका. म्हणजे धूर दिसला की पहिल्यांदा जागेवरून फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, म्हणजे जागा कळते, वेळ कळते, माणूसही सापडतो. मग विझवायला धावायचं. हा नियम लहान लेकरांनाही पाठ होता. शाळेच्या भिंतीवर मॅडमचं चित्र काढलेलं होतं, हात वर केलेला, खाली हेच चार शब्द. चित्रात मॅडम मिशीवाल्या दिसायच्या. मी हसलो की रागवायच्या.

या पथकाचा म्होरक्या वाल्मीक, लंकाबाईचाच मुलगा. आईवर गुन्हा झाला याची त्याला इतकी लाज वाटली होती की जणू घरावरचा डाग पुसून काढायचा होता. असा कामाला लागला की विचारू नका. उन्हाळाभर माळावर राखण. बिडी ओढणाऱ्याच्या हातातून काडेपेटी काढून घ्यायचा. नऊ वर्षं वाघरमाळावर ठिणगी पडली नाही. पाड्याला बक्षीस मिळालं, मॅडमना शाल मिळाली, आणि सगळे त्यांना वणवाताई म्हणायला लागले.

आता माझ्या कामाचं सांगतो. दर वर्षी पावसाळा संपला की आम्ही चौकोनातलं गवत बुडापासून कापायचो, पिशव्यांत भरून आणायचो, मी ते ओव्हनमध्ये वाळवायचो आणि तोलायचो. एका चौकोनात किती ग्रॅम सुकं गवत. हेच जळतं, म्हणून हेच मोजायचं. पहिल्या वर्षी सरासरी दोनशे ऐंशी आली होती. मग वाढत गेली. चारशे, साडेपाचशे. जुनं गवत आडवं पडून राहिलेलं, त्यावर नवं, त्यावर पुन्हा जुनं. गाद्या घातल्यासारखं. गुरं पाड्यावर उरली नव्हती, त्यामुळे चरायलाही कुणी नाही. आणि माळाच्या कडेने घाणेरीची झुडपं उतरत उतरत थेट घरांच्या परसापर्यंत आली. दुसऱ्या वहीत खरपुडी मोजलेली. पहिल्या वर्षी एकसष्ट. मग चव्वेचाळीस. मग तीस. मग अठरा.

आकडे काय एका दिवसात आले का? दर वर्षी माझ्याच हाताने लिहिलेले. पण दर वर्षी मॅडम म्हणायच्या, पाऊस कमी झाला असेल, किंवा पाऊस जास्त झाला असेल. पावसाचं एक बरं असतं, तो कुठेही चिकटवता येतो.

दोन वर्षांपूर्वी, कार्तिकात एका दुपारी, तराजूवर नऊशे दहा आलं. खरपुडी त्या वर्षी नऊच सापडली होती. मॅडम म्हणाल्या, परत तोला. मी परत तोललं. नऊशे दहा. मॅडम स्टुलावर बसल्या. दोन्ही वह्या मांडीवर घेऊन पानं उलटली. मग मला म्हणाल्या, "नईमभाई, ती बाई मला सांगत होती हो. कांदा भुईत असतो म्हणाली. थंडीत हलकी आग गेली तर कंदाला काही होत नाही, उलट वरचं गवत मोकळं होऊन कोंबाला ऊन मिळतं. आणि दर वर्षी थोडं थोडं गेलं की उन्हाळ्यात जळायला काही उरत नाही. मी ते बंद केलं. मी त्या एक्केचाळीस घरांच्या डोक्यावर दहा वर्षं गवताची गंजी रचतेय."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचा हेतू चांगला होता."

"हेतू जळत नाही," त्या म्हणाल्या. "गवत जळतं."

मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भीती वाटली नाही, कीव आली. आणि कीव आल्याचा मला फार राग आला.

मग धावपळ सुरू झाली. मॅडम आधी वनखात्याच्या साहेबांकडे गेल्या. भला माणूस, चहा दिला, वह्या नीट बघितल्या. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं म्हणणं पटतं मला. पण डोंगराला आग लावायची परवानगी मी कुठल्या कलमाखाली देऊ? आणि तेही ज्याच्या वणवामुक्तीसाठी आपण बक्षीस घेतलं, त्या डोंगराला? वरच्यांनी विचारलं तर तुमचीच जुनी पत्रं माझ्यासमोर ठेवतील." ती जुनी पत्रं मीच टाइप केली होती. त्यात 'कोणत्याही परिस्थितीत आग नको' हे वाक्य ठळक केलं होतं, तेही माझंच काम.

मग मोहदऱ्याच्या ग्रामसभेत बोलल्या. हे तर हसावं की रडावं असं झालं. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आपण थंडीत माळ थोडा थोडा चाटवायला पाहिजे, पूर्वी तुम्ही करत होता तसा.  मग मागून कुणीतरी हळूच हसलं. वाल्मीक उठला, त्याचा चेहरा फुललेला. म्हणाला, "मॅडम परीक्षा घेतायत रे! कोण चुकतंय बघतायत!" आणि सगळ्या सभेने, लेकराबाळांसकट, एका सुरात ओरडून सांगितलं, आधी फोटो, मग फटका! टाळ्या वाजवल्या. मॅडम परत परत सांगत राहिल्या की मी खरंच म्हणतेय. जितकं सांगत होत्या तितके लोक जास्त टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, उठून एकेकाच्या थोबाडीत द्यावी. पण दिली असती तर लोक तीही परीक्षाच समजले असते.

गवत कापून काढावं म्हणून चार रविवार विद्यार्थी नेले. संध्याकाळी मागे वळून बघितलं तर माळावर एका अंगणाएवढी जागा मोकळी. बाकीचा माळ आपला डुलतोय.

गेल्या मार्गशीर्षात, म्हणजे आता तीन महिने झाले, मॅडमचा फोन आला. मी तोवर निवृत्त झालो होतो, नाशिकातच वडाळ्याला घरी बसून बायकोचं, हमीदाचं, बोलणं ऐकत होतो. मॅडम म्हणाल्या, "नईमभाई, मोहदऱ्याला जायचंय. लंकाबाईकडे." हमीदा म्हणाली, गुडघ्याचं तेल घेऊन जा. मी घेतलं.

लंकाबाई अंगणात नागली पाखडत होती. बारा वर्षांत अगदी वाकली होती. मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, माझं चुकलं. मला माळ चाटवायला शिकवा."

लंकाबाईने सूप खाली ठेवलं. "आता सुचलं व्हय?"

"आता सुचलं."

"मला बंदी हाय. परत लावली का आत टाकणार म्हनले. तूच व्हतीस तवा."

"काडी मी लावीन. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून सांगा, कुठे आणि किती."

म्हातारीने डोंगराकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्या येळंला चटयीयेवढंच. लय गवत झालंय. एकदम दिलं तर ऐकायचं नाय. पुढल्या साली जरा जास्ती. पाचसा साल लागतील सरळ करायला." आणि काठी घेऊन उठली. कसला राग नाही, कसलं बोलून दाखवणं नाही. मला तर वाटतं, ती बारा वर्षं त्या गवताकडे बघत कुणीतरी विचारेल याचीच वाट बघत होती. मॅडमना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

ऊन कलायला लागल्यावर दोघी वर गेल्या. मी गुडघ्यांमुळे अंगणातच राहिलो. माझ्यावर एकच काम होतं, कुणी विचारलं तर मॅडम झाडं मोजायला गेल्यात म्हणून सांगायचं. तासाभराने माळाच्या कडेला धुराची एक बारीक रेघ उठली. मनात म्हटलं, या अल्ला, एवढं होऊ दे. आणि तेवढ्यात पाड्याच्या दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजली.

शिट्टीवर शिट्टी. वाल्मीक आणि त्याची माणसं झोडपणी घेऊन धावत माझ्यासमोरून निघाली. मी रस्त्यात आडवा झालो. "अरे थांबा, घाई काय एवढी, चहा टाकतो, जरा बसा." वाल्मीक म्हणाला, "नईमभाई, धूर हाय धूर!" मी म्हटलं, "धुकं असेल." मार्गशीर्षात दुपारी चार वाजता! एवढ्या वर्षांत मी इतकं वाईट खोटं कधी बोललो नव्हतो. ते मला वळसा घालून गेले.

पुढचं मला मॅडमनी सांगितलं. चटईएवढी जागा जवळजवळ जळत आली होती, मॅडम वाऱ्याच्या तोंडावर पुढची काडी लावायला खडकाच्या पलीकडे वाकल्या होत्या, आणि लंकाबाई फांदी घेऊन मागून थोपटत होती. वाल्मीकने नियमाप्रमाणे खालच्या वळणावरूनच फोटो काढला. धुरात एक बाई, हातात फांदी, पायाशी आग. ग्रुपवर टाकला. साहेबांनी बघितला, वनरक्षकाने बघितला, सत्तावीस माणसांनी बघितला. माझ्या फोनवरही टिंग वाजलं. मग वाल्मीक धावत वर गेला आणि धूर बाजूला झाल्यावर त्याला दिसलं की फोटोतली बाई त्याची आई आहे.

आग त्यांनी अकरा मिनिटांत विझवली. मॅडमनी शिकवलं होतं तशीच, दोघे समोरून, बाकीचे कडेने. एक निखारा ठेवला नाही.

खाली आल्यावर मॅडम अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काडी मी लावली. माझ्या हातात काडेपेटी आहे, बघा." वाल्मीकने त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे धुराने आणि कशाकशाने लाल झाले होते. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आईला वाचवायला बघताय. तुमचं मन लय मोठं हाय." आणि त्यांच्या पाया पडला. मी ओरडलो, "अरे गाढवा, खरं बोलताहेत त्या!" तर तो म्हणाला, "नईमभाई, तुमी तर त्येला धुकं म्हनला व्हता."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी साहेबांकडे जाऊन स्वतःच्या हाताने लिहून दिलं. साहेब म्हणाले, "तुमचं नाव न घालता मी भागवू शकतो. म्हातारीचं नाही भागवू शकत. तिचा फोटो ग्रुपवर आहे आणि मागचा निकालही आहे." मॅडम म्हणाल्या, "माझं नाव घाला." मग गुन्हा दोघींवर झाला. जामीन मिळाला, एका अटीवर. निकाल लागेपर्यंत दोघींपैकी कुणीही वाघरमाळावर पाऊल ठेवायचं नाही. कॉलेजने मॅडमना रजेवर जायला सांगितलं. म्हणजे त्या डोंगराचं काय करायचं हे ज्या दोन माणसांना कळतं, नेमक्या त्याच दोघींना तिथे बंदी, आणि गवत आपलं जागच्या जागी वाळतंय.

तेव्हापासून मी दर रविवारी देवळाली कॅम्पला त्यांच्याकडे जातो. बाई घरात नुसत्या फेऱ्या घालतात. लष्कराचा तोफांचा सराव चालू असला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, पूर्वी त्यांना ते ऐकूही यायचं नाही, आता प्रत्येक आवाजाला दचकतात. फोन हातातून खाली ठेवत नाहीत. रोज दुपारी त्या ग्रुपवर बघतात, कुणी धुराचा फोटो टाकलाय का. साहेबांनी त्यांना ग्रुपमधून काढलेलं नाही, विसरले असतील.

मागच्या रविवारी मी बसलो असताना वाल्मीक आला. फाल्गुन लागला होता. दारात उभा राहिला तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. त्याच्या भुवया नव्हत्या. पापण्याही नव्हत्या. एका हाताला पांढरी पट्टी.

मॅडम ताडकन उठल्या. "मोहदरा?"

"नाय, नाय. आमचा नाय," तो म्हणाला. "शेजारचा डोंगर. त्यांनीबी सहा साल राखला व्हता, आमचं बघून. परवा पेटला. आम्ही गेलो मदतीला." त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि मग ग्लास हातातच धरून बोलत राहिला. "सागाच्या शेंड्याला जाळ लागत व्हता मॅडम. झोडपायला जवळच जाता येईना. ते टायर वितळून गळाय लागलं. मी म्होरं व्हतो. मी पळालो. पयल्यांदा पळालो. खाली कुणाचं घर नव्हतं म्हणून बरं. आमच्या खाली हायेत."

मॅडमनी त्याच्या हातातून ग्लास घेतला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"तुमी खरंच लावली व्हती ना काडी?"

"हो."

"आन परीक्षा नव्हती ती."

"नव्हती रे."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "आता लावता यील का? आई सांगंल, मी लावतो."

"आता नाही," मॅडम म्हणाल्या. "आता गवत बुडापर्यंत सुकलंय. आता चटईएवढी लावलीस तर सगळा माळ जाईल. आई पण हेच सांगेल."

"तिनंबी ह्येच सांगितलं. तरी म्हटलं तुमाला इचारावं."

मॅडमनी कागद घेतला. पाड्याचा नकाशा काढला. घरांभोवतीची घाणेरी आधी तोडायची. वीस पावलं जमीन कुदळीने साफ करायची. धूर दिसला की झोडपणी घ्यायची नाहीत, माणसं घ्यायची, आणि पाड्याखालच्या नदीच्या पात्रात उतरायचं. पात्रात वाळू आहे, तिथे जळायला काही नाही. म्हातारी आणि लेकरं पहिल्यांदा. इतकी वर्षं ज्या बाईने त्या लोकांना आगीकडे धावायला शिकवलं होतं, ती त्यांना आगीपासून पळायला शिकवत होती. वाल्मीक प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवला. उठला नाही. खिशातून फोन काढला आणि तो फोटो उघडून मॅडमसमोर धरला. धूर, फांदी, म्हातारी.

"पुढल्या म्हयन्यात तारीख हाय. साक्षीला मला बोलवलंय," तो म्हणाला. "मी सांगणार हाय त्यांना. धुरात वळखली नाय, आन ती पाडा वाचवाय गेली व्हती, सगळं सांगणार."

"तेवढं विचारणार नाहीत, वाल्मीक. फोटो तू काढलास का, आणि बाई हीच का, एवढंच विचारतील."

त्याने बोटाने फोटो मोठा करून बघितला.

"मंग हा फोटो माघारी घेता येतो का, मॅडम?"

"नाही रे," मॅडम म्हणाल्या. "गवत नऊशे दहा भरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वकिलाकडे गेले होते. मी काढलेल्या फोटोचं विचारून बघितलंय."